रिपोर्ट नॉर्मल आला, पण दुखणं तसंच

पत्र थोडक्यात असं: नागपूरच्या सक्करदऱ्यात राहणारी, बर्डीवरच्या एका बँकेत काउंटरवर काम करणारी २७ वर्षांची तरुणी. पाळी तेराव्या वर्षी आली, तेव्हापासून दर महिन्याला पहिले दोन दिवस ओटीपोटात असा गोळा उठतो की उभं राहवत नाही. गेली तीन वर्षं त्या दिवसांत शौचाला बसतानाही जीवघेणी कळ येते, आणि कंबर चार दिवस आधीपासून धरते. मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळीवर दिवस निघतात. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत काही दिसलं नाही. एंडोमेट्रिओसिसबद्दल, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराबद्दल, वाचून तिनं धंतोलीतल्या एका लॅबमध्ये स्वतःच सीए-१२५ ही रक्ताची तपासणी करून घेतली. ती १९ आली, म्हणजे नॉर्मल. रक्त दिलं तेव्हा केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्यांशिवाय काही चालू नव्हतं. घरात निकाल लागला: 'काही नाही तुले, रिपोर्ट नील आहे.' बँकेत मॅनेजर विचारतात, दर महिन्याला तुमचंच कसं? साक्षगंध झालंय, तुळशीचं लग्न लागलं की पहिल्याच मुहूर्तांमध्ये लग्न, म्हणजे पाचेक महिने. आई म्हणते, लग्न झालं, एक लेकरू झालं की आपोआप बसतं, आम्ही नाही का सहन केलं. आणि लग्नाआधी पोटाला दुर्बिणीची भोकं नकोत. मावशीची पिशवी छत्तिसाव्या वर्षी काढली, कशासाठी ते घरात कुणी सांगत नाही. प्रश्न दोन. एंडोमेट्रिओसिस आहे की नाही हे खात्रीनं सांगणारी रक्ताची नवी तपासणी कोणती? सँपल मुंबईला, वेळ पडली तर परदेशात पाठवायची तयारी आहे, पैसे साठवलेत. आणि मुलाकडे आत्ता सांगायचं, की रिपोर्ट हातात येईपर्यंत गप्प राहायचं?

पोरी,

माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणते.

तुझ्या मूळ पत्रात 'दुखतं' हा शब्द चारदा आलाय आणि 'रिपोर्ट' अकरादा. मी मोजले. तीसेक वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजण्यात गेली, निवृत्तीनंतरही ती खोड जात नाही. तेव्हा आधीच सांगते, मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. ज्या कागदावर तुझ्या घरानं एवढा भरवसा टाकलाय, त्या कागदावर सही करणारी बाई आहे. तुझ्या पोटाबद्दल मी जपून बोलेन, कागदाबद्दल मात्र जरा अधिकारानं.

रिपोर्ट घ्यायला खिडकीशी आलेली माणसं कागद उलगडून आधी एकच गोष्ट बघतात: कुठला आकडा जाड ठशात आहे का. नसला की खांदे सैल होतात आणि कागदाची घडी पिशवीत जाते. जाड ठसा म्हणजे आजार आणि बारीक ठसा म्हणजे ठणठणीत, असा नियम आम्ही कधी केला नव्हता. पण तो मोडायला खिडकीबाहेरही कधी आलो नाही, हेही तितकंच खरं.

तुझा १९ बारीक ठशात आला, कारण छापील रेघ ३५ ची आहे. ही रेघ कुठून आली ते ऐक. अमेरिकेतल्या रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली अंडाशयाच्या कॅन्सरच्या पेशींना ओळखणारं एक प्रतिपिंड तयार केलं, त्यातून सीए-१२५ ही तपासणी पुढे आली. १९८३ साली त्यांनी ८८८ धडधाकट लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा शंभरात एखाद्याचीच पातळी ३५ च्या वर निघाली. अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या बायकांमध्ये मात्र बहुतेकींची. म्हणून ३५. ही रेघ कॅन्सरसाठी आखलेली आहे, पाळीत लोळणाऱ्या मुलींसाठी कुणी ती आखली नव्हती. तुझ्या १९ नं तुझ्या आईला जे सांगितलं, ते सांगण्याची त्या आकड्याची पात्रताच नाही.

आता उलट बाजू. एंडोमेट्रिओसिसमध्ये सीए-१२५ वाढते का? वाढते, विशेषतः आजार पसरलेला असेल किंवा अंडाशयात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्तानं भरलेली गाठ, असेल तर. २०१६ साली १४ अभ्यासांतल्या २९२० बायकांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. ३० ही रेघ धरली तर आजार असलेल्या शंभर जणींपैकी ५२ जणी या तपासणीत सापडल्या आणि ४८ निसटल्या. आजार नसलेल्या शंभरातल्या सात जणींना उगाच 'वाढलंय' असं उत्तर मिळालं. तुझ्यापुरतं गणित करू. समजा तुझ्यासारखी लक्षणं असलेल्या शंभर जणी एका रांगेत उभ्या केल्या आणि त्यातल्या पन्नास जणींना आजार आहे असं धरलं. सगळ्यांचं रक्त घेतलं तर सत्तरेक जणींचा रिपोर्ट नॉर्मल येईल. त्या सत्तरांपैकी चोवीस जणींना आजार असेलच. म्हणजे नॉर्मल कागद हातात घेऊन घरी जाणाऱ्या दर तिघींत एक. याला 'नील' म्हणायचं का?

आणि वाढलेला आकडा आला असता, तरी घोळ मिटला नसता. पोटाच्या आतल्या पडद्याला कशानंही सूज आली की सीए-१२५ चढते. पाळी चालू असताना चढते, गरोदरपणात चढते, गर्भाशयातल्या गाठींनी, जंतुसंसर्गानं, लिव्हरच्या आजारानंही. आणि आपल्याकडे पोटाच्या क्षयरोगानं. पोटात पाणी झालेली तरुण बाई, सीए-१२५ सहाशेच्या वर, घरचे कॅन्सर समजून हवालदिल, आणि शेवटी निघाला टीबी, गोळ्यांचा कोर्स पूर्ण करून बरी झाली, असं माझ्या टेबलावरून गेलेलं आहे. उलट्या बाजूनं, तू घेतेस त्या बायोटिनच्या गोळ्या काही यंत्रांवर होणाऱ्या अशा तपासण्यांचा आकडा खोटाच खाली आणू शकतात. तुझ्या १९ वर त्याचा परिणाम झाला का, ते मला इथून सांगता येणार नाही. पण पुढच्या वेळी कुठलंही रक्त देण्याआधी त्या गोळ्यांबद्दल लॅबला सांग. खिडकीवर हा प्रश्न बहुधा विचारत नाहीत. विचारायला हवा.

आता नव्या तपासण्यांकडे येते. तुझा खरा प्रश्न तोच आहे.

रक्तातून आजार ओळखायचा तर त्या आजारानं रक्तात असं काही सोडलं पाहिजे, जे दुसरं कुणी सोडत नाही. डेंग्यूचं बघ. पावसाळ्यात नागपुरात घरोघरी एनएस-१ हा शब्द ऐकू येतो. ते विषाणूचं स्वतःचं प्रथिन आहे, ते दिसलं की दुसऱ्या कुणावर बोट दाखवायची गरज उरत नाही. एंडोमेट्रिओसिसची पंचाईत अशी की तिथे परका कुणी नाहीच. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्याच पेशी, फक्त भलत्या जागी: अंडाशयावर, पोटाच्या पडद्यावर, आतड्यावर, मूत्राशयावर. पाळीच्या हार्मोन्सच्या तालावर त्याही सुजतात, त्यांच्यातूनही रक्त येतं, आणि त्याला बाहेर जायला वाट नसते. रक्तात त्या जे सोडतात, ते नेहमीच्या जागचं अस्तरही सोडतं आणि कुठलीही सूजही. शिवाय पडद्यावरचे बारीक ठिपके, अंडाशयातली सिस्ट आणि आतड्यापर्यंत खोल गेलेली गाठ, या तिन्हींचा रक्तावरचा ठसा सारखाच असेल असंही नाही. त्यात पुन्हा महिन्याचा कितवा दिवस त्यावर आकडे बदलतात. एंडोमेट्रिओसिस हे नाव जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२० च्या दशकात रूढ केलं. शंभर वर्षं झाली, आणि अजून एकट्या रक्तावर भिस्त ठेवता येत नाही, ती यामुळे.

कुणी शोधलं नाही असं समजू नकोस. कॉक्रेन या संस्थेनं २०१६ साली सगळा हिशोब मांडला: १४१ अभ्यास, १५,१४१ बायका, रक्तातल्या १२२ वेगवेगळ्या खुणा. त्यातली एकही खूण दवाखान्यात निदानासाठी वापरावी इतकी भरवशाची निघाली नाही. २०२२ साली युरोपातल्या एश्रे या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेनं मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात स्पष्ट म्हटलंय की एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठी रक्तातल्या जैवखुणा वापरू नयेत. सीए-१२५ सुद्धा त्यातच आली.

त्यानंतर दोन बातम्या गाजल्या, त्याच तू वाचल्या असशील. फ्रान्समध्ये लाळेतल्या १०९ सूक्ष्म-आरएनएंचा, म्हणजे आरएनएच्या बारीक तुकड्यांचा, एकत्र नमुना बघून निदान करणारी तपासणी आली. ती रक्ताची नव्हे, लाळेची. ऑस्ट्रेलियात रक्तातल्या दहा प्रथिनांचा संच एकत्र मोजणारी तपासणी तयार झाली, तिचे निष्कर्ष २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. दोन्ही आशादायक आहेत, मला मनापासून बरं वाटलं. एकाच खुणेवर विसंबण्याऐवजी अनेक खुणांचा मेळ बघायचा, ही दिशा मला पटते. पण प्रयोगशाळेतला अभ्यास आणि धंतोलीतली खिडकी यांच्यात बरंच अंतर असतं. अशा अभ्यासांत येणाऱ्या बायका बहुतेक मोठ्या इस्पितळांत आधीच ऑपरेशनच्या रांगेत लागलेल्या असतात. त्यांच्यात तपासणी चमकते. तीच तपासणी सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत सगळं घेऊन येणाऱ्या साध्या ओपीडीत, आणि जिथे टीबीही आहे नि रक्तक्षयही, अशा आपल्या बायकांमध्ये किती टिकते, हे वेगळं तपासावं लागतं. भारतीय बायकांमधल्या या आजाराची माहिती आणि आनुवंशिकता यांवर मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेनं ऑक्सफर्डबरोबर काम हाती घेतलेलं आहे. असं इथलं काम साठत जाईल तेव्हा उत्तर मिळेल. तोवर सँपल परदेशात पाठवायला म्हणून साठवलेल्या पैशांतला एक रुपयाही काढू नकोस.

आता जरा टोचेल असं विचारते. तो रिपोर्ट नेमका कुणासाठी हवाय?

तुला दुखतं हे तुला माहीत आहे. चौदा वर्षं माहीत आहे. रिपोर्ट हवाय तो आईच्या हातात ठेवायला, मॅनेजरच्या टेबलावर टाकायला, आणि सासरी कुणी 'नाटकं करते' म्हणालं तर दाखवायला. दुखणं तुझं आणि साक्ष कागदाची, अशी ही मागणी आहे. मला ती समजते. ज्या घरात बाईच्या कण्हण्यापेक्षा कागदाला किंमत आहे, तिथे मुलगी कागदच शोधणार. पण समज, उद्या तपासणी निघाली आणि रिपोर्ट जाड ठशात आला. ज्यांनी १९ वाचून 'काही नाही' म्हटलं, ते तो कागद वाचून 'मुलीत दोष आहे' म्हणणार नाहीत याची तुला खात्री आहे? कागद तुझा साक्षीदार होईल की तुझ्याविरुद्धचा, हे वाचणाऱ्यावर आहे. माझ्या सह्या केलेल्या कागदांचे दोन्ही उपयोग झालेले मी पाहिलेत.

दुसरं गृहीतक तुझ्या लक्षातही आलं नसेल: आधी खात्रीचं निदान, मग उपचार. एकेकाळी तसंच होतं. दुर्बिणीतून आत बघून, तुकडा आमच्याकडे पाठवून, आम्ही 'होय' म्हटल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. २०२२ च्या त्याच सूचनांमध्ये दुर्बिणीचं हे अढळपद काढून घेतलेलं आहे. लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर संशयावरून औषधं सुरू करू शकतात. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये काही दिसत नसेल, औषधांनी भागलं नसेल किंवा औषधं देण्याजोगी स्थिती नसेल, तेव्हा दुर्बिणीचा विचार. म्हणजे ज्या कागदासाठी तू अडून बसलीयस, त्याच्याशिवायही तुझा पुढचा महिना सुसह्य होऊ शकतो. आणि आईची भोकांची भीती, निदान आज तरी, वादाचा मुद्दाच नाही.

तेव्हा हे कर. पुन्हा लॅबमध्ये जाऊ नकोस, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. आधी ज्यांच्याकडे गेली होतीस त्यांनी 'सगळ्यांनाच दुखतं' म्हटलं असेल तर दुसऱ्यांकडे जा. फी परवडत नसेल तर मेडिकल, मेयो, डागा, मिहानमधलं एम्स, या सरकारी इस्पितळांत सगळीकडे स्त्रीरोगाची ओपीडी आहे. रांग लांब असते, सकाळी लवकर जा. जाताना एक वही ने. गेल्या तीन पाळ्या आठवून लिही: तारीख, दुखणं दहापैकी किती, कुठे, किती गोळ्या, काम किती दिवस बुडालं. आणि शौचाच्या वेळची ती कळ सगळ्यात वर लिही. पत्रात ती तू अर्ध्या वाक्यात उरकलीस, लाजेनं असेल. पण पाळीच्याच दिवसांत शौचाला किंवा लघवीला होणारा त्रास ऐकून जाणता डॉक्टर कान टवकारतो, कारण आजार आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या अंगाला असण्याची शक्यता त्यातून दिसते. माझ्या मते तुझ्या त्या एका ओळीत सीए-१२५ च्या आकड्यापेक्षा जास्त माहिती आहे.

सोनोग्राफीचंही कागदासारखंच. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत अंडाशयातली मोठी सिस्ट दिसेल, खोलवरच्या गाठी सहसा निसटतात. योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी, तीही हा आजार शोधायची सवय असलेल्या डॉक्टरांनी केलेली, बरंच जास्त सांगते. आपल्याकडे मुलगी अविवाहित आहे म्हटलं की त्या तपासणीचं नावही कुणी काढत नाही. करायची की नाही, हा निर्णय सर्वस्वी तुझा. नको असेल तर गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय आहेत, डॉक्टरांना थेट विचार. आणि हे सगळं स्वच्छ आलं तरी पडद्यावरचे बारीक ठिपके सहसा कुठल्याही चित्रात दिसत नाहीत, हे आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर घरात पुन्हा 'नील'चा जल्लोष व्हायचा. ठिपके थोडे आणि दुखणं प्रचंड, किंवा आजार चौथ्या टप्प्यावर आणि दुखणं जवळपास नाही, असं दोन्ही असतं.

रक्त तपासायचंच असेल तर डॉक्टर सांगतील ते तपास. अंगावरून जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन आणि शरीरातलं लोह बघण्यात अर्थ आहे. टीबीची शंका आली तर त्या अंगानं. लग्नाच्या वर्षात मुलींना एएमएच असलेली पॅकेजं विकतात, त्याच्याही मागे लागू नकोस. अंडाशयात बीजांचा साठा साधारण किती उरलाय, याचा अंदाज त्यातून येतो. नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही, हे त्यातून कळत नाही.

औषधांबद्दल दोनच गोष्टी, बाकी तुझे डॉक्टर. मेफेनॅमिक ॲसिड तू कळ असह्य झाल्यावर घेतेस असं लिहिलंयस. या जातीच्या गोळ्या दुखणं चढायच्या आधी, सुरुवातीलाच, काही खाऊन घेतल्या तर जास्त चालतात. मात्र किती आणि किती दिवस हे विचारून घे, कारण पोट आणि मूत्रपिंडं हिशोब ठेवतात. २०२३ च्या अखेरीस भारतीय फार्माकोपिया आयोगानं या औषधाबद्दल इशारा दिला होता: क्वचित कुणाला अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी तीव्र प्रतिक्रिया येते. तसं काही दिसलं तर गोळी बंद आणि ताबडतोब डॉक्टर. दुसरी गोष्ट हार्मोनच्या गोळ्यांची. डायनोजेस्ट किंवा गर्भनिरोधक गोळ्या या आजारात नेहमी दिल्या जातात आणि नाव ऐकताच घरात 'पुढं मूल होणार नाही' सुरू होतं. तसं नाही. गोळ्या बंद केल्या की पाळी आणि बीज बाहेर पडणं पुन्हा सुरू होतं. मध्येच डाग पडणं, मन उदास होणं असे त्रास काहींना होतात, अर्धशिशी असेल तर काही गोळ्या चालत नाहीत. हे आधी विचारून घे. पाच महिने हातात आहेत. एक गोळी नाही मानवली तर दुसरी बघायलाही वेळ आहे, आणि लग्नाच्या आठवड्यात पाळी येईल का ही धास्तीही डॉक्टरांशी बोलून मिटवता येते.

'लेकरू झालं की बसतं' हे मात्र आईच्या डोक्यातून काढावं लागेल. गरोदरपणात पाळी थांबते, म्हणून काही जणींना तेवढा काळ बरं वाटतं. पण आजारावर औषध म्हणून दिवस राहू द्या असा सल्ला देऊ नये, असं त्या सूचनांमध्येच आहे. दिवस राहायला काही जणींना उशीर होतो, मदत लागते. कित्येकींना काहीच अडचण येत नाही. मूल हवं तेव्हा त्याचा विचार कर. पाळीच्या दुखण्यावर उतारा म्हणून मूल मागवायचं हे त्या मुलावरही अन्यायाचं आहे, आणि हे मी डॉक्टर म्हणून बोलत नाहीये.

मावशीचं ऐकून मला राहवलं नाही. पिशवी काढली की ती फॉर्मॅलिनच्या बरणीत आमच्याकडे येते, आम्ही तिचे काप तपासतो आणि कागदावर लिहून देतो. त्याला हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट म्हणतात. छत्तिसाव्या वर्षी काढलेल्या पिशवीच्या त्या कागदावर बहुधा कारण लिहिलेलं असेल. एडिनोमायोसिस म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीत शिरलेलं अस्तर, किंवा एंडोमेट्रिओसिस, किंवा नुसत्या गाठी. मावशीला फाइल काढायला सांग. सगळ्या रिपोर्टांमध्ये तुझ्या कामाचा एखादा असेल तर तो हा, आणि तो आधीच केलेला आहे, त्याला एक पैसा पडणार नाही. पिशवी काढल्यावरही मावशीला दुखत राहिलं का, तेही विचार. आजार पिशवीच्या बाहेर असेल तर ती काढून तो जाईलच असं नाही.

मॅनेजरसाठी आजाराचं नाव लागत नाही. 'पाळीत तीव्र वेदना, उपचार चालू' एवढं डॉक्टरांचं प्रमाणपत्र पुरतं. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवसांची रजा आहे; आपल्याकडे तसं नाही, तेव्हा तूर्त आजारपणाची रजाच वापरायची. 'दर महिन्याला तुमचंच कसं' याला माझ्याकडे एक उत्तर आहे, पण ते छापण्याजोगं नाही.

राहिला मुलगा. त्याला सांग. बैठकीत नको, दोन्हीकडच्या काकवांसमोर तर नकोच. फुटाळ्यावर चहा घेताना, त्याला एकट्याला. जे निदान झालेलंच नाही त्याचं नाव घेऊ नकोस. जे खरं आहे ते सांग. 'मला पाळीत खूप त्रास होतो, दोन दिवस उभी राहू शकत नाही, एका आजाराची शंका आहे, उपचार सुरू करतेय, पुढे मूल व्हायला कदाचित वेळ लागेल, कदाचित नाही लागणार.' एवढंच. तो पुढे काय विचारतो ते ऐक. 'आता काय करायचं' म्हणाला तर एक, आणि 'आईला सांगितलंस का' म्हणाला तर दुसरं. लग्नानंतर पहिल्याच पाळीत त्याला हे कळणारच आहे. मग त्याला ते तुझ्या तोंडून आधी कळलेलं बरं. रिपोर्टसाठी थांबशील तर थांबतच राहशील.

ज्यांच्या घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी पाळीच्या दिवशी शाळा बुडवून गरम पाण्याची पिशवी धरून पडते, त्या आयांनीही हे पत्र आपलंच समजावं. पाळीत थोडं दुखणं वेगळं, आणि दर महिन्याला शाळा बुडणं वेगळं. एकदम असह्य पोटदुखी, सोबत ताप, उलट्या किंवा चक्कर, शौचातून किंवा लघवीतून रक्त, पाळी चुकलेली असताना पोटात कळ, यातलं काही झालं तर वही, डायरी, माझं सदर सगळं बाजूला ठेवून सरळ दवाखाना.

शेवटचं काम सगळ्यात अवघड आहे. आई म्हणते, आम्ही नाही का सहन केलं. हे वाक्य तू आजवर टोमणा म्हणून ऐकलंस. डॉक्टर त्याला कौटुंबिक इतिहास म्हणतील, कारण आईला किंवा बहिणीला हा आजार असेल तर मुलीला असण्याची शक्यता वाढते. एखाद्या दुपारी, कूलरसमोर दोघीच असाल तेव्हा तिला विचार: तुला किती दुखायचं? कितव्या वर्षापासून? शौचाला जाताना पण? तेव्हा तू काय करायचीस? बहुतेक हे तिला आजवर कुणी विचारलेलं नसेल. ती जे सांगेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिही, आणि जमलं तर ओपीडीत तिलाच सोबत घेऊन जा.